परसातील भेंडी

भाजी दारी येत असता परसात खटाटोप कशाला, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. तरीही फाल्गुनात प्रत्येक व्यापारी कुटुंबाने भेंडीचे दोन वाफे करावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. बी रात्रभर भिजवावे, दीड वितीच्या अंतराने टोकावे, तांदूळ धुतलेले पाणीही वाया न घालवता तेथेच घालावे. सुमारे ५० दिवसांत तोडा सुरू होतो. मग मात्र एक दिवसाआड भेंडी तोडावीच लागते. राहिली की निबर झाली!

आपण भाव चढेपर्यंत माल वखारीत राखू शकतो. भेंडी पिकविणाऱ्यास दोन दिवसांचीही सवड नसते. हे ज्याने परसात अनुभवले, तो बाजारात भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणार नाही. मुलांच्या हाती रोजमेळाआधी झारी द्यावी, ती याचसाठी.