पवई तलाव : जलपर्णी काढली तरी पुन्हा का येते?

पावसाळ्यात पवई तलाव भरून वाहू लागला की त्याचे व्हिडिओ व्हायरल होतात. पाऊस ओसरला की त्याच तलावाचे हिरव्यागार मैदानासारखे दिसणारे फोटो फिरू लागतात. ते मैदान म्हणजे जलपर्णी. मग यंत्रं उतरतात, डंपर भरभरून जलपर्णी बाहेर जाते, 'आधी आणि नंतर'चे फोटो येतात. काही महिन्यांत तलाव पुन्हा हिरवा. असं का होतं? आणि तलाव खरंच स्वच्छ करायचा तर काय करावं लागेल?

पिण्यासाठी बांधलेला तलाव

पवई तलाव नैसर्गिक नाही. मुंबईला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून 1890च्या सुमारास बांध घालून तो तयार करण्यात आला. त्याची साठवण क्षमता सुमारे 545 कोटी लिटर आहे. पूर्ण भरल्यावर त्याचा विस्तार 2.23 चौरस किलोमीटर होतो आणि जादा पाणी मिठी नदीत जातं. आज हे पाणी पिण्यायोग्य नाही. ते आरे वसाहतीत आणि औद्योगिक कामांसाठी वापरलं जातं.

दुखणं नेमकं काय?

दुखणं आहे सांडपाण्याचं. महापालिकेच्या माहितीनुसार आजूबाजूच्या वस्त्यांतून रोज सुमारे 1 कोटी 80 लाख लिटर सांडपाणी तलावात येतं. हा आकडा तलावाच्या क्षमतेशी ताडून पाहा. या वेगाने साधारण 10 महिन्यांत येणारं सांडपाणी अख्खा तलाव काठोकाठ भरेल एवढं होतं. म्हणजे पाऊस वर्षातून चार महिने तलाव भरतो, सांडपाणी मात्र बाराही महिने.

सांडपाण्यात मैला असतो, साबण आणि डिटर्जंट असतात. त्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस पाण्यात मिसळतात. शेतात पिकाला जे खत घालतात, त्यातलीच ही द्रव्यं. जलपर्णीला असं आयतं खत मिळालं की ती झपाट्याने पसरते. पोषक पाण्यात दोनेक आठवड्यांतही ती दुप्पट होऊ शकते. तिची दाट चादर पाण्यावर पसरली की ऊन खाली पोहोचत नाही, हवेतला प्राणवायूही पाण्यात नीट मिसळत नाही. मासे गुदमरतात. मेलेली जलपर्णी तळाशी जाऊन कुजते आणि उरलासुरला प्राणवायूही खाते.

म्हणून जलपर्णी हा आजार नाही, ते लक्षण आहे. ती काढणं गरजेचं आहे, कारण तिच्यासोबत थोडं 'खत'ही बाहेर जातं. पण काढलेला ढीग काठावरच कुजत ठेवला तर तेच खत पावसाच्या पाण्याबरोबर परत तलावात येतं.

नुसतं सांडपाणी थांबवून भागेल?

जगातली दोन उदाहरणं इथे उपयोगी आहेत. अमेरिकेत सिएटलजवळच्या लेक वॉशिंग्टनमध्ये प्रक्रिया केलेलं सांडपाणी सोडलं जायचं. तेही तलावाला मानवलं नाही, कारण प्रक्रियेनंतरही फॉस्फरस शिल्लक राहत होता. शेवाळ माजू लागल्यावर 1963 ते 1968 या काळात ते पाणी टप्प्याटप्प्याने तलावाबाहेर वळवलं गेलं. काही वर्षांतच पाणी नितळ झालं.

स्वीडनमधल्या ट्रुमेन तलावाचं मात्र तसं झालं नाही. तिथे 1950च्या दशकाच्या अखेरीस सांडपाणी बंद करूनही तलाव सुधारला नाही. कारण वर्षानुवर्षं तळाशी साठलेल्या गाळातून फॉस्फरस पुन्हा पुन्हा पाण्यात उतरत होता. अखेर 1970 आणि 1971 मध्ये सुमारे एक मीटर जाडीचा गाळ उपसला, तेव्हा फरक पडला.

लेक वॉशिंग्टन खोल आहे, ट्रुमेन उथळ. गाळाने उथळ होत गेलेला पवई तलाव दुसऱ्याच्या अधिक जवळचा आहे. त्यामुळे इथे क्रम महत्त्वाचा ठरतो : आधी सांडपाणी बंद, मग जलपर्णी आणि गाळ, आणि शेवटी पाण्यात हवा सोडणं किंवा जिवाणूंचा वापर यांसारखे उपाय. नळ चालू ठेवून फरशी पुसण्यात अर्थ नसतो.

महापालिकेची योजना काय?

काही सांडपाणी मलवाहिन्यांतून प्रक्रिया केंद्राकडे वळवायचं आणि उरलेल्यासाठी रोज 80 लाख लिटर क्षमतेचं प्रक्रिया केंद्र उभारायचं, अशी योजना आहे. दिशा योग्य आहे. पण लेक वॉशिंग्टनचा धडा इथे लागू होतो : प्रक्रिया केलेलं पाणी तलावातच सोडणार असतील, तर त्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस किती काढले जाणार हे आधीच ठरलेलं हवं.

गाळ काढतानाही जपून पावलं टाकावी लागतील. या तलावात मगरींचा अधिवास आहे. काठावर बांधकाम करताना काय होतं, हे सायकल ट्रॅकच्या वादात दिसलंच. मे 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो ट्रॅक बेकायदा ठरवला आणि जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. सुशोभीकरण आणि पुनरुज्जीवन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सुधारणा ओळखायची कशी?

फोटोवरून नाही, आकड्यांवरून. आंघोळीयोग्य पाण्यासाठीचे केंद्रीय निकष असे आहेत : विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान 5 मिलिग्रॅम आणि बीओडी, म्हणजे सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, 3 मिलिग्रॅमपर्यंत. त्यामुळे पुढच्या वेळी 'तलाव चकाचक' अशी पोस्ट दिसली, तर किती टन जलपर्णी काढली यापेक्षा दोन प्रश्न महत्त्वाचे : सांडपाण्याची किती तोंडं बंद झाली, आणि पावसाळा संपल्यानंतर बीओडी किती आहे?