बिघाड सापडला, हे कशावरून?

ऑगस्ट २०२२ मधली गोष्ट. माझ्या एका स्नेह्यांबरोबर मी शहाद्याहून तोरणमाळला निघालो होतो. गाडी त्यांची, आणि वयाने माझ्या कोणत्याही विद्यार्थ्याच्या वडिलांपेक्षा मोठी : स्टँडर्ड हेराल्ड. इंग्लंडमधील ट्रायंफ हेराल्डची ही भारतीय आवृत्ती १९६१ पासून मद्रासला तयार होऊ लागली. याच हेराल्डची चौकट आखूड करून ट्रायंफने १९६२ मध्ये स्पिटफायर ही स्पोर्ट्‌स मोटार काढली. तेवढ्या नात्याच्या भरवशावर आमच्या स्नेह्यांनी आपल्या हेराल्डचे छप्पर कापून कापडी टप बसवला आणि तेव्हापासून ते तिला स्पोर्ट्‌स कार म्हणतात. चुलतबहीण तर लागतेच, म्हणून मीही हरकत घेत नाही.

म्हसावद गेले, राणीपूर गेले, सातपुड्याचा चढ लागला. पाऊस नव्हता, पण धुके इतके दाट की टपावरून पाणी ठिबकत होते. एका वळणावर इंजिनाने अचानक ठसके द्यायला सुरुवात केली. ताकद गेली, मागे सायलेन्सरमध्ये फटाके वाजू लागले. गॅरेजच्या भाषेत, गाडी मिस मारू लागली. चार सिलिंडरांनी आळीपाळीने जोर लावायचा, त्यांतला एखादा आपली पाळी चुकवतो, तेव्हा असे होते.

मी विज्ञानाचा शिक्षक. मी तिथेच निदान करून टाकले. शहाद्यापासून तोरणमाळपर्यंत सुमारे एक हजार मीटरची चढण आहे. तेवढ्यात हवेचा दाब साधारण एक दशांशाने कमी होतो. हवा विरळ, पेट्रोल मात्र तेवढेच. म्हणजे मिश्रण गडद झाले आणि इंजिन गुदमरले. स्नेह्यांना पटले. मलाही पटले. आम्ही गाडी वळवली, उतारावर इंजिन नीट चालले, आणि माझा सिद्धांत जणू सिद्धच झाला.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन होते. गाडी एका गॅरेजमध्ये नेली. तिथे चारही प्लग बदलले, कार्बोरेटर उघडून साफ केला, कंडेन्सर नवा टाकला, पेट्रोलचा पंपही बदलला. गाडी फिरवून पाहिली तर झकास! बिल भरले. आठ दिवसांनी पुन्हा भुरभुर पावसात निघालो आणि राणीपूरच्या अलीकडे, घाट लागण्याच्याही आधी, लहानशा चढावर तेच ठसके सुरू झाले. हवेच्या विरळपणाची माझी गोष्ट तिथेच संपली.

या प्रसंगाविषयी माझे मत असे आहे की पहिल्या गॅरेजने जे केले ती दुरुस्ती नव्हती, आणि मी जे केले ते विज्ञान नव्हते. गॅरेजवाल्याने एका वेळी चार गोष्टी बदलल्या. गाडी चालली असती तर चारांपैकी कशामुळे, हे त्याला कधीच कळले नसते. प्रत्यक्षात तर ती पाचव्याच कारणाने चालली : उन्हाने. माझी चूक अधिक लाजिरवाणी आहे, कारण माझे स्पष्टीकरण पुस्तकातले होते, आकड्यांसह होते, आणि प्रत्येक वाक्य खरे होते. फक्त ते समोरच्या घटनेला लागू पडत नव्हते. उंचीचा परिणाम हळूहळू होतो आणि चारही सिलिंडरांवर सारखा होतो. इथे बिघाड एका क्षणात आला होता. ‘अचानक’ हा एकच शब्द मी पुरावा म्हणून घेतला असता, तर व्याख्यान द्यायची वेळच आली नसती.

दुसऱ्यांदा ज्या मिस्त्रींनी गाडी पाहिली, त्यांचे शिक्षण कुठवर झाले हे मी विचारले नाही. त्यांनी मात्र मला बरेच विचारले. “सर, दोन्ही वेळा ओल होती का? चढावरच मिस मारते, का उभी असतानापण? एकदम सुरू झालं, का वाढत वाढत?” हत्यार हातात घेण्याआधी दहा मिनिटे नुसते प्रश्न.

मग त्यांनी हेराल्डचे बॉनेट पुढच्या बाजूला उलटले. या गाडीचे बॉनेट मडगार्डांसकट पुढे कलंडते आणि सारे इंजिन फळ्यावरच्या आकृतीसारखे उघडे पडते. त्यांनी चारही प्लग काढून ओळीने मांडले. तीन विटकरी, कोरडे. तिसऱ्या सिलिंडरचा मात्र काळा आणि पेट्रोलने ओला. म्हणजे तिथे पेट्रोल पोचत होते, जळत नव्हते. कार्बोरेटर आणि पंप एका नजरेत सुटले. तिसऱ्या प्लगच्या भोकावर अंगठा दाबून इंजिन फिरवले, तर अंगठा जोराने उडाला, दाबही ठीक. उरली ठिणगी.

इथे थोडे थांबून ती ठिणगी येते कुठून ते पाहू. बॅटरी १२ व्होल्टची. कॉइलमधला प्रवाह पॉइंट उघडून एकदम तोडला, की विद्युतचुंबकीय प्रवर्तनाने दुसऱ्या वेटोळ्यात काही हजार व्होल्ट उत्पन्न होतात. ते डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत येतात आणि आत फिरणारा रोटर ते पाळीपाळीने एकेका प्लगला वाटतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर चार सिलिंडरांना मिळून सेकंदाला १०० ठिणग्या लागतात. टोपी बेकेलाइटसारख्या विद्युतरोधक पदार्थाची असते.

मिस्त्रींनी तिसऱ्याचा प्लग पहिल्यात आणि पहिल्याचा तिसऱ्यात घातला, बाकी कशाला हात लावला नाही. गाडी चढावर नेऊन आणली. ओला झालेला पुन्हा तिसऱ्यातलाच. म्हणजे प्लग निर्दोष. मग तेवढ्या दोन वायरींची अदलाबदल. पुन्हा तिसराच. वायरही निर्दोष. आता संशय टोपीवर. पण टोपी पुसून पाहिली तर डोळ्यांना काहीच दिसेना.

तेव्हा त्यांनी न्हाव्याकडे असते तशी पाण्याची फवारणीची बाटली आणली, इंजिन चालू केले, वेग वाढवला आणि लांबूनच टोपीवर दोन फवारे मारले. ठसके सुरू! इंजिन बंद करून टोपी फडक्याने कोरडी केली. ठसके बंद. पुन्हा फवारा, पुन्हा ठसके. असे तीन वेळा. तोवर अंधारले होते. चौथ्या फवाऱ्याला आम्ही ती पाहिली : तिसऱ्या खुंटापासून टोपी धरून ठेवणाऱ्या लोखंडी क्लिपेपर्यंत धावणारी निळी, केसासारखी रेघ. तिथे केसाएवढीच चीर होती आणि तिच्यात काजळी बसली होती.

मग चढावरच का? कोंडलेल्या, दाट हवेतून ठिणगी जायला अधिक व्होल्ट लागतात. इंजिनावर भार आला, की सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त भरते, दाब वाढतो आणि प्लगच्या फटीतली वाट अवघड होते. ओल्या चिरेची वाट तेव्हा त्याहून सोपी ठरते. उतारावर भार नाही, म्हणून गाडी शहाण्यासारखी चालते. माझा ‘सिद्ध’ झालेला सिद्धांत असा उतारावरून घरंगळला.

मिस्त्रींनी जुन्या खोक्यातून दुसरी टोपी काढून बसवली. फवारा मारला, ठसका नाही. मी म्हणालो, “आता जुनी परत लावून बघाल का?” ते हसले, पण लावली. ठसके आले. आता कोठे बिघाड सापडला असे म्हणता येत होते. दोष गेला, एवढ्याने तो सापडला असे होत नाही. आपल्या इच्छेने तो आणता आणि घालवता आला पाहिजे.

आता शाळेकडे वळतो. आमच्या प्रयोगशाळेत ओहमचा नियम दरवर्षी सिद्ध होतो. निष्कर्ष वहीत आधीच लिहिलेला असतो, आणि वाचने त्याला जुळेनाशी झाली, तर वाचने दुरुस्त केली जातात. विद्यार्थ्यांना मी दोष देत नाही. गुण आम्हीच त्यावर देतो. माझी सूचना अशी की प्रत्येक माध्यमिक शाळेने भंगारातली एखादी यंत्रणा आणावी. मोटारीचे इंजिनच पाहिजे असे नाही. सायकलचा डायनॅमो, विजेरी, शाळेची घंटा चालेल. शिक्षकांनी तिच्यात गुपचूप एक बिघाड करून ठेवावा. गुण बिघाड सापडल्याचे देऊ नयेत, तो कोणत्या क्रमाने शोधला आणि कशावरून काय वगळले, याचे द्यावेत. एखाद्याला तो सापडला नाही, तरी पैकीच्या पैकी मिळू शकतील.

काही सहकारी म्हणतात, नव्या गाड्यांत संगणक आहे, तोच बिघाड सांगतो. सांगतो खरा. तिसरा सिलिंडर पाळी चुकवू लागला, की इंजिनाच्या फिरण्यात क्षणभर येणारा मंदपणा संवेदक टिपतो आणि ‘पी ०३०३’ असा संकेत उमटतो. पण त्याचा अर्थ ‘तिसरा मिस मारतो’ एवढाच. का मारतो, ते पुढे माणसालाच शोधावे लागते, अनेकदा याच अदलाबदलीने. (या गाड्यांवर, किंवा जुन्यांवरही, वायरी हाताने उपटण्याचा प्रयोग तुम्ही करू नका. धक्का जबर बसतो.)

ती चिरलेली टोपी मी मागून घेतली. वर्गात फिरवली तेव्हा नववीतल्या एका मुलीने विचारले, “सर, पावसाचं पाणी तर शुद्ध असतं ना? शुद्ध पाण्यातून वीज नीट वाहत नाही, असं तुम्हीच शिकवलंत.” मी काजळीचे आणि धुळीतल्या क्षारांचे नाव घेतले. ती म्हणाली, मग चीर घासून स्वच्छ करून त्यावर ऊर्ध्वपातित पाणी फवारले तर ठसके येऊ नयेत. स्नेह्यांनी गाडी द्यायचे कबूल केले आहे, मिस्त्रीही येणार आहेत. फवारा तेच मारतील. मुले दहा पावलांवर उभी राहतील आणि आपापला अंदाज आधी कागदावर लिहून माझ्याकडे देतील. माझाही कागद त्यांत असेल.