व्यवस्थापनाला सात दिवसांची मुदत

कामगारांनी युनियनचे सभासद अर्ज भरायला घेतल्यापासून या कारखान्यात जे चालले आहे, त्याची तारीखवार नोंद आमच्याकडे आहे. पाळी सुटताना सुपरवायझर गेटवर उभे राहून मोबाइलवर फोटो काढतात. एकेकाला एचआरच्या केबिनमध्ये बोलावून ‘पावती कोणी फाडली? मीटिंग कुणाच्या खोलीवर झाली?’ असे विचारले जाते. दोघांच्या कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या आहेत. पुढाकार घेणाऱ्या तिघांच्या हाती एकाच संध्याकाळी रुद्रपूरच्या बदलीची पत्रे पडली. त्यांतल्या एकाची बायको बाळंतपणाला टेकली आहे आणि त्याचा रजेचा अर्ज एचआरच्याच टेबलावर पडून आहे.

हे ताबडतोब थांबवा.

‘युनियन केलीत तर प्लांट बंद करू’ असे लाइनवर येऊन सांगणाऱ्या साहेबांनी कायदा वाचावा. सभासद झाल्याबद्दल कामावरून काढण्याची धमकी, टाळेबंदीची वा कारखाना बंद करण्याची धमकी, मालकानेच खिशातली युनियन उभी करणे, धोरणाच्या नावाखाली आकसाने बदली करणे, या सगळ्या अनुचित कामगार प्रथा आहेत. महाराष्ट्राने 1971 च्या कायद्यात त्या नावानिशी लिहिल्या. केंद्राने 1982 च्या दुरुस्तीने औद्योगिक विवाद कायद्याला पाचवी अनुसूची जोडली, तीही याचसाठी. नव्या संहितेने मालकांचे हात मोकळे झाले, अशी कुजबुज मुद्दाम पसरवली जात आहे. ती खोटी आहे. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीत हीच यादी आहे आणि दंड 10 हजारांपासून 2 लाखांपर्यंत आहे.

आता पगारवाढीविषयी. कामगाराला चार पैसे जास्त मिळाले तर आम्हाला आनंदच आहे, ती आमचीच जुनी मागणी आहे. पण इतकी वर्षे ‘बजेट नाही’ म्हणणाऱ्यांना अर्ज भरले जात असतानाच पैसे सापडले, आणि तेही फक्त अर्ज न भरणाऱ्यांसाठी! संघटना बांधली जात असताना ती मोडण्याच्या हेतूने दिलेली वाढसुद्धा कायद्याने अनुचित प्रथाच ठरवली आहे. ज्यांना वाढ मिळाली ते आमचेच भाऊ आहेत, त्यांच्यावर आमचा राग नाही.

श्रीपेरुंबुदूरला सॅमसंगच्या कामगारांनी 2024 मध्ये महिनाभराहून अधिक काळ संप केला. युनियनची नोंदणी हा त्यातला कळीचा मुद्दा होता आणि जानेवारी 2025 मध्ये ती नोंदणी झाली. संघटना करण्याचा हक्क संविधानाच्या कलम 19 ने दिलेला आहे, त्यासाठी कोणत्याही एचआर मॅनेजरची परवानगी लागत नाही.

कामगार बंधू-भगिनींनो, राजीनाम्यावर किंवा कोऱ्या कागदावर सही करू नका. मिळालेले प्रत्येक पत्र पाकिटासकट जपून ठेवा. केबिनमध्ये कोण काय बोलले, ते त्याच दिवशी लिहून काढा.

व्यवस्थापनाने हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत तिन्ही बदल्या रद्द कराव्यात, कोऱ्या सह्यांचे कागद त्या दोघांच्या हातात परत द्यावेत, केबिनमधली उलटतपासणी व गेटवरचे फोटो बंद करावेत आणि युनियनमध्ये गेल्याबद्दल कोणावरही कारवाई होणार नाही, अशी सही-शिक्क्याची नोटीस मराठीत व हिंदीत फलकावर लावावी. तसे न झाल्यास आठव्या दिवशी बदल्यांना स्थगिती मागणारी तक्रार दाखल होईल. धमक्या देणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याचे नाव त्यात असेल आणि तिची प्रत कामगार आयुक्तांकडे जाईल. मुदत वाढवून मिळणार नाही.