मापे आपलीच, रकाने सामाईक



गेल्या अंकातील पत्रात बांधकाम-खर्चाचे आंतरराष्ट्रीय मानक म्हणजे परदेशी मोजमापांची सक्ती, असे म्हटले आहे. ते वस्तुस्थितीला धरून नाही. अनेक देशांतील व्यावसायिक संस्थांनी मिळून २०१७ मध्ये आणलेले 'आयसीएमएस' हे मानक साइटवरच्या एमबीला, म्हणजे मोजमाप-पुस्तकाला, हातही लावत नाही. अर्धा चौरस मीटरपर्यंतच्या झरोक्याची गिलाव्यात वजावट करायची नाही, हा 'आयएस १२००' या भारतीय मोजमाप-मानकाचा नियम तसाच राहतो. 'आयसीएमएस' ठरवते ते खर्चाचे रकाने. एका मेट्रोच्या आकड्यात भूसंपादन धरलेले, दुसरीच्या आकड्यात वगळलेले. मग किलोमीटरमागच्या खर्चाची तुलना कसली करणार? २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत कार्बन उत्सर्जनाचाही हिशेब आला. आक्षेप घ्यायचाच, तर वापर ऐच्छिक आहे यावर घ्यावा.

– एक बिलिंग अभियंता, ठाणे