१०८ : सेवा गावात, हिशेब कोठे?

रुग्णवाहिका ही संकटकाळी शासनाचे नागरिकाला होणारे पहिले दर्शन असते. ते वेळेवर घडले तर जीव वाचतो. विलंब झाला तर कारणे सांगण्यापलीकडे काही उरत नाही. महाराष्ट्रात २०१४ साली ‘१०८’ ही सेवा सुरू झाली, तेव्हा तिच्यात ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांपैकी २३३ प्रगत जीवनरक्षक, तर ७०४ प्राथमिक जीवनरक्षक प्रणालीच्या होत्या. या सेवेने असंख्य कुटुंबांना आधार दिला, हे कृतज्ञतापूर्वक नमूद केलेच पाहिजे.

परंतु कृतज्ञता म्हणजे डोळेझाक नव्हे. सेवा चालवितो ठेकेदार, करार करते राज्य शासन आणि नियंत्रण कक्ष आहे पुण्यात. मेळघाटातील वा अक्कलकुव्यातील एखाद्या पाड्यावर गाडी किती वेळाने पोहोचली, याचा जाब तेथील लोकप्रतिनिधीने कोणाला विचारावा? प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे. त्याच्या दारात उभ्या असलेल्या १०८ च्या गाडीवर मात्र तिचा अधिकार नाही. ७३व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत २९ विषय पंचायतींसाठी नोंदविले. त्यांत आरोग्य, रुग्णालये आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे स्पष्टपणे आहेत. मग आरोग्यसेवेचा उंबरठा असलेली रुग्णवाहिकाच त्यांच्या दृष्टीआड का राहावी?

यावर आक्षेप घेतला जातो की, स्थानिक राजकारण शिरले तर गाडी पुढाऱ्याच्या दारी उभी राहील. ही भीती निराधार नाही. म्हणूनच गाडी कोठे धाडायची, हा निर्णय नियंत्रण कक्षाकडेच असावा. मात्र हुकूम देणे वेगळे आणि हिशेब मागणे वेगळे. प्रत्येक तालुक्यातील दूरध्वनी केव्हा आला, गाडी केव्हा निघाली, केव्हा पोहोचली आणि किती दिवस नादुरुस्त होती, याचा मासिक तपशील जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीपुढे यावा. रुग्णाचे नाव गुप्त ठेवून तो ग्रामसभेत वाचला जावा. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राविना ठेकेदाराचे देयक मंजूर होऊ नये. महानगरांतही हाच दंडक लागू व्हावा.

अर्थात, अंकुश हाती घेणारी संस्था जिवंत हवी. २०२२ नंतर राज्यातील बहुसंख्य जिल्हा परिषदांवर प्रदीर्घ काळ प्रशासक होते. निर्वाचित समितीच नसेल तर प्रश्न विचारणार कोण? स्थानिक स्वराज्याची ही किंमत अखेर रुग्णशय्येवरील माणूस मोजतो.

कायदा दुरुस्त होईल तेव्हा होईल. तोवर सजग नागरिकांनी आपल्या गावच्या पुढील ग्रामसभेत एवढेच विचारावे : गेल्या महिन्यात गाडी किती वेळा बोलावली आणि ती किती वेळात आली? ज्या समाजाला हा प्रश्न विचारण्याची सवय लागते, त्याला उत्तर देणे कोणत्याही ठेकेदाराला टाळता येत नाही.