फोरहँडचा फटका व आमची एक चूक

अकोल्याहून परत येतांना मूर्तिजापूर मागें पडलें तरी मुलगी एक शब्द बोलली नाहीं. बडनेरा जवळ आलें तेव्हां तिनें आपली रॅकेट आमच्या मांडीवर ठेविली व म्हणाली, "मोठे आजोबा, ही आतां कोणाला तरी देऊन टाका." आमच्या धाकट्या बंधूंची ही नात, वय चौदा. त्या दिवशीं ती पहिल्याच फेरींत सहा-एक, सहा-शून्य अशी हरली होती, आणि तिचे बहुतेक गुण फोरहँडवर, म्हणजे उजव्या अंगास आलेल्या चेंडूवर मारावयाच्या फटक्यावर गेले होते. (डावखुऱ्यांनीं उलट समजावें.) समोरची मुलगी कांहीं विशेष जोरानें मारीत नव्हती. ती नुसता उंच चेंडू टाकी, आणि आमची मुलगी तो एकदां कुंपणावर व एकदां जाळ्यांत घाली.

रात्रीं जेवणें झाल्यावर घरांत सभा भरली. पुढील वर्ष दहावीचें. तिच्या आजी, म्हणजे आमच्या भावजय, म्हणाल्या कीं पंतोजींच्या घरांत मुलीनें चार श्लोक पाठ केले असते तर शोभलें असतें. हें उन्हांत धांवणें कशाला? आम्हीं तत्काळ पंडिता क्षमा राव यांचा दाखला दिला. तुकारामबोवांच्या गाथेच्या इंदुप्रकाश आवृत्तीस ज्यांचा हात लागला त्या शंकर पांडुरंग पंडितांची ही कन्या. गांधीजींच्या चळवळीवर त्यांनीं लिहिलेली 'सत्याग्रहगीता' १९३२ सालीं पॅरिस येथें छापून निघाली. अशी ही संस्कृत कवयित्री स्वतः टेनिस खेळत असे. आणि तिची कन्या लीला राव हिनें १९३४ सालीं विम्बल्डन येथें सामना जिंकला. तेथें सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. याच लीलाबाईंनीं पुढें संस्कृत नाटकेंही लिहिलीं. तेव्हां एका घरांत सरस्वती व रॅकेट सुखानें नांदूं शकतात.

भावजयींनीं सर्व शांतपणें ऐकून घेतलें व "मग हिला जिंकतां कां येत नाहीं?" एवढेंच विचारलें.

प्रश्न रास्त होता. त्याचें उत्तर आमच्यापाशीं होतें, पण सांगावयास जीभ रेटत नव्हती. मुलीचा फोरहँड आम्हींच बिघडविला होता. दोन वर्षांपूर्वीं एका जुन्या पुस्तकाच्या आधारें आम्हीं तिला अंगणांत धडे दिले: हस्तांदोलन करावें तशी रॅकेट धरावी, मनगट घट्ट आंवळावें, चेंडू जाळ्यावरून वीतभर उंचीनें काढावा, आणि फटका मारल्यावर रॅकेट सरळ समोर ढकलीत न्यावी. कोर्टावरील शिक्षक, एक तरुण व सौम्य गृहस्थ, तिला निराळें सांगत. परंतु घरीं आल्यावर आम्ही तें खोडून काढीत असूं. मुलीनें वडील माणसाचें ऐकलें, यांत तिचा काय दोष?

पुस्तक खोटें नव्हतें; पण तें निराळ्या रॅकेटीसाठीं व निराळ्या जमिनीसाठीं लिहिलेलें होतें. लांकडी रॅकेटीचें तोंड लहान असे; सुमारें पासष्ट चौरस इंच. १९८० नंतरच्या दशकांत लांकूड मागें पडलें, आणि आजच्या हलक्या रॅकेटीचें तोंड शंभर चौरस इंचांच्या आसपास, म्हणजे दीडपट आहे. शिवाय विम्बल्डनच्या हिरवळीवर चेंडू घसरत, खालून येतो. आमच्या वऱ्हाडांत हिरवळ कोठली? येथली कपाशीची काळी जमीन पावसांत फुगते व उन्हाळ्यांत हात जाईल एवढ्या भेगा देते, म्हणून ती उकरून, खालीं दगड भरून, वर मुरूम पसरून व रूळ फिरवूनच कोर्ट करावें लागतें. अशा मुरमावर चेंडू मंद होतो खरा, पण उसळी मोठी घेतो. चौदा वर्षांच्या मुलीच्या तो खांद्यापर्यंत येतो. आतां हस्तांदोलनाच्या पकडीनें खांद्याइतक्या उंचीवर रॅकेट न्यावी तर तिचें तोंड आभाळाकडे वळूं पाहतें, व चेंडू कुंपणावर जातो. तो जाऊं नये म्हणून मनगट मुरडलें कीं जाळ्यांत. अकोल्यास जें झालें तें हेंच. (वैशाखांत आणखी एक भर पडते. तापलेली हवा विरळ होते व चेंडू अधिकच लांब उडतो. त्या दिवसांत सकाळीं सहाला खेळून घ्यावें हें उत्तम.)

दुसऱ्या दिवशीं आम्ही त्या शिक्षकांकडे गेलों व आपली चूक कबूल केली. त्यांनीं ती इतक्या सहजतेनें स्वीकारली कीं त्यांस ती पूर्वींपासून ठाऊक असावी. मग त्यांनीं जें दाखविलें तें वाचकांच्या घरांतील खेळणाऱ्या मुलांसाठीं लिहून ठेवितों.

रॅकेटीची मूठ अष्टकोनी असते. रॅकेट कडेवर उभी धरली असतां जी बाजू वर येते ती पहिली. तेथून उजवीकडे मोजीत जावें. तर्जनीच्या मुळाचें हाड तिसऱ्या बाजूवर टेकलें कीं हस्तांदोलनाची पकड होते. तें चौथ्या बाजूवर, म्हणजे किंचित् खालीं नेलें कीं तळहात मुठीच्या मागें व थोडा खालीं येतो आणि उंच चेंडूवरही रॅकेटीचें तोंड समोर राहतें. बदल बोटभराचा आहे. पण ज्यांनीं पांचवीच्या मुलाची पेन्सिल धरण्याची खोड मोडण्याचा यत्न केला असेल त्यांस हें बोटभर अंतर किती मोठें असतें तें सांगावयास नको. दोन महिने अक्षर पूर्वींपेक्षां वाईट येतें, पालक तक्रार घेऊन येतात, आणि कच्चा मास्तर तेथेंच हार खातो.

दुसरी गोष्ट चेंडूच्या फिरण्याची. रॅकेट चेंडूच्या खालून वर जावी, म्हणजे चेंडू पुढच्या अंगानें खालीं वळत फिरूं लागतो. असा चेंडू हवेंत खालीं दाबला जातो व उंचावरून गेला तरी आंत पडतो. राफाएल नदालच्या फोरहँडचे फेरे मोजले तेव्हां मिनिटास तीन हजारांहून अधिक या वेगाचे आढळले. मुलांस तेवढे नकोत; परंतु 'वीतभर वरून' हा आमचा उपदेश रद्द करून 'दोन हात वरून' असा केला पाहिजे. तसेंच, चेंडू तारांस लागून असतो तो काळ अवघा सेकंदाच्या हजाराव्या भागाचे चार-पांच. तेवढ्यांत रॅकेट 'ढकलीत नेऊन' त्यास दिशा देतां येत नाहीं. दिशा त्यापूर्वींच ठरलेली असते.

ज्यांनीं लीलावतींतील भुज, कोटि व कर्ण यांचीं गणितें केलीं असतील त्यांस एक सोपा हिशेब रुचेल. एकेरीचें कोर्ट अठ्ठ्याहत्तर फूट लांब व सत्तावीस फूट रुंद; त्याचा कर्ण निघतो सुमारें साडेब्याऐंशी फूट. जाळें खांबांशीं साडेतीन फूट व मध्यभागीं तीनच फूट उंच असतें. म्हणजे तिरपा फटका मारणारास साडेचार फूट जागा अधिक मिळते आणि अर्धा फूट जाळें कमी लागतें. मुलगी कडेनें सरळ मारण्याचा हट्ट करी. हा हिशेब पाटीवर मांडल्यावर तो सुटला. आमच्या शिकवणीपैकीं एवढीच एक उपयोगी पडली असें म्हटलें तरी चालेल.

पण सर्वांत मोठा दोष राहिला होता. ती चेंडू आपटल्यावर रॅकेट मागें नेई, म्हणून नेहमीं उशीर होऊन नुसता दंड फेंकावा लागे. शिक्षक म्हणाले, समोरच्यानें मारतांच खांदे वळलेच पाहिजेत, डावा हात तोंवर रॅकेटीवरच असावा, आणि चेंडू अंगाच्या पुढें गांठावा. जोर पायांतून कमरेंत व कमरेंतून हातांत यावा. अमरावतीकरांस हें नवें वाटूं नये. वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं स्थापिलेलें श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ येथलेंच, आणि १९३६ सालीं बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगीं त्याच्या पथकानें देशी खेळ दाखविले हें गांवांत अजून अभिमानानें सांगतात. आमच्या माळ्यावर वडिलांची मुद्गलांची जोडी आहे. त्यांतील हलका मुद्गल आम्हीं मुलीच्या हातीं दिला. नुसत्या दंडानें तो फिरेना. पाऊल टाकून कंबर वळवितांच आपोआप फिरला. पांच-सहा फेऱ्यांनंतर तो काढून घेतला, कारण कोंवळ्या खांद्यास तो फार झाला असता. पण तिच्या चेहऱ्यावरून कळलें कीं गोष्ट ध्यानांत आली.

त्यानंतर रोज सकाळीं हातानें चेंडू टाकून चाळीस फटके, अगदीं सावकाश, असा नेम ठेविला. पहिला महिना भयंकर गेला. निम्मे चेंडू शेजारच्या आवारांतील लिंबोणींत जात व ते आणण्याचें काम आमच्याकडे असे. एकदां ती रडली, आणि एकदां आम्हांसही वाटलें कीं जुनी पकडच बरी होती. परंतु या वेळीं आम्ही तोंड मिटून बसलों.

दिवाळीनंतर पुन्हां अकोल्यास गेलों. पहिला सामना ती जिंकली, दुसरा तीन सेटपर्यंत नेऊन हरली. उंच चेंडू आतां तिरपे व खोल परत जात होते. कांहीं अजूनही कुंपणावर गेले. परततांना रॅकेट तिच्याच मांडीवर होती. दहावीचा प्रश्न घरांत अजून निकालांत निघालेला नाहीं. भावजयींनीं सकाळची वेळ तूर्त मंजूर केली आहे एवढेंच. मात्र सामना सुरू होण्यापूर्वीं मुलीनें आमच्यासाठीं खुर्ची स्वतः उचलून नेली आणि कोर्टाच्या पलीकडे लांब एका कडुनिंबाखालीं ठेविली. म्हणाली, "मोठे आजोबा, तुम्ही इथें बसा. इथून तुमचा आवाज येत नाहीं."

आम्ही तेथें बसलों.