तबकडीची वीस मिनिटे

तबकडीचा आवाज तोच खरा, बाकी सारे डबाबंद, असे ठासून सांगणारे एखादे आजोबा घरोघरी नसले तरी प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांचा दावा तपासायचा तर सुरुवात कानापासून करावी लागते. वयपरत्वे येणाऱ्या बहिरेपणात उच्च कंप्रतेचे ध्वनी आधी हरपतात. म्हणूनच ‘आवाज येतो, शब्द कळत नाहीत’ अशी तक्रार असते. ‘स’, ‘श’ यांसारखी व्यंजने निसटतात. १९८२ मध्ये आलेली सीडी सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचे ध्वनी साठवते. पंचाहत्तरीच्या कानाला त्यांतला वरचा बराचसा भाग नसल्यासारखाच. कोणता आवाज अधिक अस्सल, हा वाद त्या वयात कानाच्या साक्षीने सुटणारा नव्हे.

तरीही आजोबांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. त्यांची ओढ खरी आहे; तिचे कारण मात्र मला आवाजापेक्षा हातात अधिक दिसते.

लाखेच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या गवयांना तेवढ्यात राग उभा करावा लागे. १९४८ मध्ये ‘एलपी’ आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. म्हणजे ऐकण्याला एक माप होते. बाजू संपली की उठायचे, तबकडी उलटायची. मोबाइलवर गाणे संपतच नाही. एकातून दुसरे, न मागितलेले, सुरू होते. शिवाय तेथे गाण्याला जागा नसते. तबकडी फडताळात असते, वेष्टनावर गायकाचे छायाचित्र असते, कडेला फाटलेला कोपरा असतो. स्मृतिभ्रंशाच्या आरंभी नावे विसरली जातात, पण हाताने वर्षानुवर्षे केलेली क्रिया आणि तरुणपणी ऐकलेले सूर पुष्कळदा दीर्घकाळ टिकून राहतात. पडद्यावरच्या, दर काही महिन्यांनी रूप बदलणाऱ्या चौकटी शिकणे मात्र अवघड होऊन बसते.

माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांना कंपवात आहे. या विकारात हात थरथरतात हे सर्वांस ठाऊक असते. आवाजही क्षीण होतो हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. मुलाने परदेशातून बोलून चालवायचा स्पीकर पाठवला. ‘‘डॉक्टर, पाच-पाच वेळा सांगतो, त्याला कळतच नाही. मग सूनबाईंना हाक मारायची. गाणंसुद्धा आता मागून घ्यावं लागतं,’’ ते म्हणाले. नेमके त्याच सुमारास घर बदलायचे होते आणि दोनशे तबकड्या रद्दीच्या गठ्ठ्यांशेजारी बांधून ठेवल्या होत्या. सूनबाईंनी मला बाजूला घेऊन विचारले, ‘‘ठेवू की काढू?’’ त्यांचीही अडचण खरी होती. नवे घर लहान, आणि सारी शुश्रूषा त्यांच्यावरच. निवड सासऱ्यांनाच करू द्यावी, असे मी सुचवले. आठ दिवस घेऊन त्यांनी तीस तबकड्या राखल्या. सुई उचलण्यासाठी तरफ असलेला प्लेअर आणला. दोन तबकड्यांवर ओरखडे उमटले. उमटू देत. संध्याकाळी पाच वाजता कोणालाही न विचारता ते आपले गाणे लावतात.

अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीसाठी मात्र मोबाइलच सोयीचा. तेथे तबकडीचा हट्ट नको.

घरात तबकड्या असतील तर त्या माळ्यावर ठेवू नयेत. शंभर एलपी वेष्टनांसह वीस किलोंच्या आसपास भरतात, आणि स्टुलावर चढून पडलेल्या ज्येष्ठांच्या खुब्याच्या हाडाचे काय होते ते मी वरचेवर पाहतो. कमरेच्या उंचीचे फडताळ, प्लेअरजवळ भरपूर उजेड आणि वायरी भिंतीलगत, एवढे पाहावे. जुन्या वेष्टनांत बुरशी धरते. दम्याच्या रुग्णाने ती स्वतः झटकू नये. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी संगीतासाठी वेगळी जुळणी करून मागावी. यंत्राची नेहमीची जुळणी बोलण्यासाठी असते, आणि शिट्टी रोखणारी तिच्यातली सोय बासरीच्या लांब सुरालाही शिट्टी समजून दाबू पाहते. गाणे वेडेवाकडे लागते म्हणून यंत्रच काढून ठेवणारे कितीतरी ज्येष्ठ आहेत.

आणखी एक. ७८ फेऱ्यांची तबकडी एलपीच्या बारीक सुईवर लावू नये. तिला जाड टोकाची सुई लागते. ती पुसण्यासाठी कोणी दवाखान्यातून स्पिरिट मागून नेऊ नये. स्पिरिटमध्ये लाख विरघळते. मऊ, कोरडे फडके पुरे.